वाचक विचारतात: आल्प्सच्या दरीतली द्राक्षं, पाटाचं पाणी आणि सव्वाशेहून जास्त वर्षं न रिकामं झालेलं पिंप

मागच्या अंकात मी स्वित्झर्लंडमधल्या वाले नावाच्या दरीतल्या द्राक्षबागांवर एक पान लिहिलं होतं, एका तोडणीच्या सीझनला मी तिकडे पंधरा दिवस क्रेट उचलायला गेलो होतो त्याची हकीकत. (नावावरून हसू नका, भाजीवाले-दूधवाले करून माझं झालंय सगळं, जर्मन बोलणारे त्यालाच वालिस म्हणतात.) वाटलं होतं दोन-चार पत्रं येतील, पण इनबॉक्स भरला की हो. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यातल्या त्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतोय.

प्रश्न: सर, आमची निफाडला नऊ एकर द्राक्षबाग आहे. वाईनवाले आले की सारखं तेर्वार तेर्वार करतात. माती ती माती, आता मातीची चव बाटलीत कशी उतरणार? खरंच काही असतं, का भाव वाढवायची आयडिया आहे?

निम्मं खरं आहे, निम्मी आयडिया आहे. आधी आयडियावालं सांगून टाकतो. दगडाची चव वेलीच्या मुळातून वर चढून घडात येते असं जे टेस्टिंगला बसलेले लोक डोळे मिटून सांगतात ना, तसं काही होत नाही. वेल मातीतून पाणी घेते, नायट्रोजन, पोटॅश, कॅल्शियम वगैरे घेते, तुम्ही देताच की ड्रिपमधून. त्यातून दगडाचा स्वाद येत नाही. वालेमध्ये पेतित आर्वीन नावाचं एक पांढरं वाण आहे, त्याच्या वाईनला शेवटी जिभेवर मिठासारखं काहीतरी रेंगाळतं, खरंच रेंगाळतं, पण म्हणून तिथल्या जमिनीत मीठ नाहीये.

आता खरं काय ते. देवगडचा हापूस आणि त्याच कलमाची फांदी नगरला नेऊन लावलेला हापूस एकच लागतो का? नाही ना. झालं, तेच तेर्वार. पाणी किती धरून ठेवते जमीन, ऊन कुठून येतं, रात्री किती गार होतं, वारं कधी सुटतं, आणि हे सगळं बघून तिथल्या माणसांनी कुठलं वाण कुठे लावलं, हा सगळा गोतावळा मिळून तो शब्द आहे. मातीला त्यात उगाच जास्त मान मिळतो.

वालेची रचना अशी आहे की रोन नदी वरच्या अंगाने, म्हणजे ब्रिगकडून मार्तिन्यीपर्यंत, साधारण नैऋत्येकडे वाहते आणि दोन्ही बाजूंना चार हजार मीटरचे डोंगर. त्यामुळे उजव्या काठाचे सगळे उतार दक्षिणेला तोंड करून दिवसभर ऊन खात बसलेले असतात, बागा बहुतेक त्याच बाजूला. ढग उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या डोंगरांवरच मोकळे होतात, दरीत सिओं गावाला वर्षाला साधारण ६०० मिमी पाऊस, म्हणजे आल्प्समध्ये बसून आपल्या अवर्षणी तालुक्यांच्या पंक्तीला. त्यात शरद ऋतूत फोन नावाचं गरम कोरडं वारं डोंगरावरून खाली उतरतं (आपल्या मोबाइलचा संबंध नाही), त्याने घड कोरडे राहतात, डावणी-भुरीचा (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांचा) ताप कमी आणि द्राक्षं सावकाश पिकत राहतात. तुम्हाला ऐन घड भरायच्या टायमाला अवकाळी झोडपतो, त्यांना वारं सुकवून देतं, आता बोला.

जमीन मात्र प्रत्येक वळणाला बदलते. फ्युयी गावाजवळ ग्रॅनाइटसारखे जुने खडक, तिथे पेतित आर्वीन आणि गामे. शामोसोंला डोंगरातून ओढ्याने हजारो वर्षं आणून पसरलेला गोट्या-खडीचा अवाढव्य पंखा आहे, तिथे सिल्वानेर, ज्याला ते योहानिसबेर्ग म्हणतात. वरच्या अंगाला साल्गेशला चुनखडी, तिथे पिनो न्वार. हे कुणी लॅबमध्ये बसून ठरवलेलं नाही, एकाने लावलं ते जळालं, दुसऱ्याने लावलं ते टिकलं, असं करत करत ठरलंय. आणि एक गोष्ट तुम्हाला पटेल, वाईनच्या वेलीला तुमची भारी काळी जमीन नकोच असते, ती नुसती पानं काढत बसते. तिला मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी, थोडी उपाशी ठेवणारी जमीन लागते.

आणखी एक मोठा फरक. तिथे हिवाळ्यात वेल झोपते, पानं गळून नुसता सांगाडा. मग वर्षातून एकदा छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून आपल्या लोकांनी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी दोनदा कात्री चालवून तिला मारूनमुटकून वेळापत्रक लावलं. मी तिकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी त्याला थाप मारतोय. म्हणजे काय, तुमच्या निफाडची दोन छाटण्यांची पद्धत हासुद्धा तेर्वारच आहे, फक्त त्याला फ्रेंच नाव नाही म्हणून कुणी भाव देत नाही.

आणि भिंती! उतार एवढे उभे की माती धरायलाच भिंती बांधाव्या लागल्या, बिनचुन्याच्या, नुसत्या दगडावर दगड. कोकणात गडगा म्हणतात तशा, देशावर पौळ म्हणतात तशा. फक्त आपला गडगा कमरेएवढा, सिओंच्या वरच्या बाजूच्या काही भिंती कित्येक मजल्यांएवढ्या उंच. चुना-सिमेंट नसल्यामुळे पाणी फटीतून निघून जातं, भिंत फुगून पडत नाही, आणि दिवसभर तापलेला दगड रात्री वेलींना ऊब देतो. ही दगड रचायची कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, स्वित्झर्लंडसोबत आणखी सात देशांची मिळून. पण यादीत गेल्याने पडलेली भिंत उभी राहत नाही हो, ती रचणारी माणसं कमी झालीयेत हे तिथले लोकच सांगतात. ट्रॅक्टर जात नाही, क्रेट न्यायला रुळावरची एका डब्याची गाडी, फवारणीला काही ठिकाणी चक्क हेलिकॉप्टर. आणि वाटण्या होऊन होऊन तुकडे एवढेसे की एकेकाकडे दहा ठिकाणी चार-चार ओळी. सातबाऱ्याचं दुखणं जागतिक आहे.

प्रश्न: मी धुळ्याचा निवृत्त शिक्षक. तुम्ही लिहिलंत की तिथे बागांना पाटाने पाणी देतात. बर्फाच्या देशात पाटाची काय गरज? आणि वाटप कसं करतात?

गुरुजी, हा प्रश्न तुमच्याच जिल्ह्यातून यायला हवा होता, मला फार बरं वाटलं.

पाऊस कमी हे वर आलंच. पण डोक्यावर हिमनद्या आहेत, उन्हाळ्यात वितळून ओढे भरून वाहतात, फक्त ते वाहतात खोल घळीत आणि बागा-कुरणं असतात भलत्याच कड्यावर. मग तिथल्या लोकांनी वरती घळीच्या तोंडाशी पाणी अडवून डोंगराच्या कडेकडेने, अगदी हलका उतार ठेवत, मैलोन्‌मैल पाट काढले. फ्रेंच बोलणारे त्याला बीस म्हणतात, जर्मन बोलणारे सुओने. आयांचा पाट १४४२ चा, सिओंच्या वरचा क्लावोचा पाट १४५३ चा, आणि तो आजही द्राक्षबागांना पाणी देतोय. जिथे कडाच सरळसोट, तिथे कड्यात लाकडी टेकू ठोकून त्यावर फळ्यांची पन्हळ टांगली. साव्हिएझ गावचा पाट असा कड्याला लटकून होता, त्याची दुरुस्ती करताना माणसं जायची, शेवटी १९३५ मध्ये डोंगरातून बोगदा काढून तो टांगता भाग सोडून दिला. आता तिथे टुरिस्ट दोरी धरून चालतात आणि सेल्फी काढतात, मीसुद्धा काढलाय, खाली बघितलं नाही.

वाटपाची पद्धत तर तुमच्या पांझरा नदीवरच्या फडाची, म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून चालवलेल्या जुन्या पाटपाण्याच्या पद्धतीची सख्खी बहीण. तुमच्याकडे फडाला पाटकरी असतो, पाणी पाळीने सोडतो, पाटाचा गाळ सगळे मिळून काढतात. तिकडेही पाटाचा राखणदार, ठरलेल्या तासांची पाळी, आणि वसंतात बर्फ उतरलं की घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर. कुणाचे किती तास हे पूर्वी लाकडाच्या काठ्यांवर खाचा आणि घराण्याची खूण कोरून ठेवायचे. कागद नाही, तलाठी नाही, काठी हाच सातबारा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पाटावर बसवलेली एक छोटी पाणचक्की, ती फिरली की तिचा लाकडी हातोडा फळीवर टक टक वाजतो. रात्री राखणदार खोपटात आडवा पडलाय, टक टक चालू आहे तोवर पाणी चालू. आवाज थांबला की उठायचं, कंदील घ्यायचा, कुठे दरड पडली का कुणी फोडून घेतलं बघायचं. (फोडून घेणारे तिकडेही होते बरं का, उगाच स्विस म्हणजे साधुसंत समजू नका.)

डिसेंबर २०२३ मध्ये ही पारंपरिक सिंचनाची पद्धत सात युरोपीय देशांची म्हणून युनेस्कोच्या यादीत आली. फडपद्धत या असल्या यादीत कधी जाईल हे तुम्ही मला विचारू नका, मी कुणाला विचारू ते सांगा. बाकी मला विचाराल तर वालेच्या वाईनमध्ये माती दुसऱ्या नंबरला, पहिला नंबर या पाटाचा. पाणीच नसतं तर त्या उतारावर नुसतं गवत वाळत पडलं असतं.

प्रश्न: मी पुण्याची, नवऱ्याच्या ऑफिसच्या ट्रिपबरोबर ग्रिमेंत्स नावाच्या गावात गेले होते. तिथे एका जुन्या घराच्या तळघरात पिंपातून काढून 'ग्लेशियर वाईन' दिली. खरं सांगू? मला वाटलं खराब झालीये. सगळे वा वा करत होते म्हणून गप्प बसले.

ताई, गप्प बसलात ते बरं केलंत, पण तुमची जीभ चुकली नाहीये. त्या वाईनला हवा लागलेली असते, मुद्दाम. अक्रोड, जुनं लाकूड, थोडा राळेसारखा वास, आणि ताजेपणा शून्य. पहिल्या घोटाला मलाही माळ्यावरच्या ट्रंकेची आठवण झाली होती. तिसऱ्या घोटाला आवडली.

पण ती कशी झाली हे कळलं की चव जरा वेगळी लागते म्हणून सांगतो. ग्रिमेंत्स आहे आनिव्हिए नावाच्या उपदरीत, खूप उंचावर, तिथे द्राक्ष येत नाही. द्राक्ष येतं खाली सिएरला, रोनच्या काठी. मग या वरच्या लोकांनी खाली सिएरमध्ये बागा घेतल्या आणि वर्षभर खाली-वर करत राहिले, म्हणजे नुसता शेतकरी नाही हो, अख्खं कुटुंब, गुरंढोरं, कोंबड्या, मुलांचे मास्तर आणि पाद्रीसुद्धा. वसंतात छाटणी-खुरपणीला खाली, उन्हाळ्यात गुरं घेऊन वर कुरणावर, शरदात तोडणीला परत खाली. सिएरमधल्या म्युराझसारख्या वाड्या या लोकांच्याच होत्या, खाली आलं की राहायला. गावाच्या सामायिक बागा आजही वसंतात सगळे मिळून खणतात आणि बाजूला बासरी आणि ताशासारखे ढोल वाजत असतात. आपल्याकडे कामाच्या नादात भलरी म्हणायचे ना बायामाणसं, तसंच, फक्त वाद्यांवर.

तयार वाईन खेचरांवर लादून वर न्यायची आणि गावाच्या सामायिक घरातल्या लार्च लाकडाच्या पिंपात ओतायची. आणि खरी गंमत पुढे आहे. ते पिंप कधी पूर्ण रिकामं करत नाहीत. जेवढी वाईन काढली तेवढी नवीन वरून भरतात, वर्षानुवर्षं. विरजण कसं आपण आदल्या दिवशीच्या दह्याने लावतो आणि ते आजीच्या काळापासून चालू राहतं, तसं समजा. ग्रिमेंत्सच्या 'बिशपच्या पिंपात' १८८६ पासून असं चालू आहे, ते खास पाहुण्यांसाठी. पूर्वी ही वाईन रेझ नावाच्या वाणाची असायची, ते आता फारच थोड्या जागेवर उरलंय. बहुतेक पिंपांची वाईन बाटलीत भरून विकत नाहीत, तिथेच उभं राहून प्यायची. तेव्हा तुम्हाला जे मिळालं ते पैसे देऊनही सहज मिळत नाही, एवढं नवऱ्याला सांगा.

प्रश्न: दुकानात 'कोर्नालँ' आणि 'उमान्य रूज' अशा दोन बाटल्या होत्या, दुकानदार म्हणाला दोन्ही कोर्नालँच. फसवलं का? (ठाणे)

नाही, तो बरोबर बोलला, आणि तरी तुमच्या डोक्याचा भुगा होणारच. वालेमध्ये एक जुनं लाल वाण होतं, रूज द्यु पेई म्हणजे 'गावठी लाल'. जवळपास संपत आलं होतं, मग १९७२ मध्ये लोकांनी ते पुन्हा उचललं आणि गावठी नाव नको म्हणून कोर्नालँ ठेवलं. पण डोंगरापलीकडे इटलीच्या आओस्ता दरीत त्या नावाचं वाण आधीच होतं! आणि आओस्ताचं ते कोर्नालँ म्हणजेच वालेमधलं उमान्य रूज. पुढे होजे व्हुइयामोझ हे वालेचेच जनुकशास्त्रज्ञ, त्यांनी डीएनए तपासून नातीगोती लावली तर वालेचं कोर्नालँ हे आओस्ताच्याच दोन वाणांचं पोर निघालं आणि उमान्य रूज हे त्या कोर्नालँचं पोर. म्हणजे आईला लेकीचं नाव. वरून उमान्य ब्लांश म्हणून जे पांढरं आहे त्याचा उमान्य रूजशी काहीही संबंध नाही. दोन्ही बाटल्या घ्या, झणझणीत मटणाबरोबर उमान्य रूज जास्त चांगली लागते असं माझं मत.

प्रश्न: बागेत रात्री हजारो मेणबत्त्या लावलेला एक व्हिडिओ फिरतोय, ते तिथलंच का? आम्ही दिंडोरीला शेकोट्या करतो तसंच आहे का?

व्हिडिओ कुठला ते न बघता कसं सांगू, पण वालेमध्ये असं करतात हे खरं. फक्त संकट वेगळं. तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की तयार घडातले मणी तडकतात. तिकडे थंडीत वेल झोपलेली असते, पारा शून्याच्या दहा अंश खाली गेला तरी तिला फरक पडत नाही, घात होतो एप्रिलमध्ये, डोळे फुटून कोवळी फूट बाहेर आली आणि एका रात्रीत हिम पडलं की. एप्रिल २०१७ मध्ये तिथे फार नुकसान झालं. मेणबत्त्या हा एक उपाय, दुसरा उपाय ऐकून मी चाट पडलो होतो, रात्रभर स्प्रिंकलरने फुटीवर पाणी मारतात आणि ते तिच्यावर गोठू देतात! पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे आतला कोंब शून्याच्या आसपासच राहतो, मरत नाही. पण एकदा चालू केलं की सकाळी बर्फ वितळेपर्यंत बंद करायचं नाही, मध्ये लाइट गेली की संपलं. आपल्याकडे हा उपाय का चालणार नाही ते तुम्हाला कळलंच असेल.

प्रश्न: दलाई लामांची तिथे द्राक्षबाग आहे म्हणे?

आहे, सायों गावात, तीन वेलींची. तीन एकर नाही, तीन वेली. फारिने नावाचा एकोणिसाव्या शतकातला खोटी नाणी पाडणारा माणूस, वीस सांतीमची नाणी पाडून गोरगरिबांत वाटायचा म्हणून लोकांचा लाडका, १८८० मध्ये मेला, त्याच्या आठवणीत ही बाग. आधी आबे पिएर या फ्रेंच पाद्रींकडे होती, १९९९ पासून दलाई लामांकडे. तीन वेलींची वाईन ती किती होणार, दुसऱ्या चांगल्या वाईनमध्ये मिसळून बाटल्या भरतात आणि पैसे चांगल्या कामाला जातात.

प्रश्न: मी झुरिकला असतो, गाव नाशिकजवळ. डिसेंबरात येताना पेतित आर्वीनच्या चार काड्या बॅगेत टाकून आणू का? बाबांना लावून बघायच्यात.

अरे बाबा नको. एक तर परवान्याशिवाय आणि क्वारंटाइनशिवाय झाडाची काडी देशात आणणं बेकायदा आहे. दुसरं म्हणजे युरोपच्या बागा एकोणिसाव्या शतकात उद्ध्वस्त झाल्या त्या अशाच कुणीतरी हौसेने अमेरिकेतून आणलेल्या वेलींमुळे, त्यांच्या मुळांवर फिलॉक्सेरा नावाची कीड आली आणि सगळं खाऊन गेली. तेव्हापासून जगात बहुतेक ठिकाणी अमेरिकन खुंटावर कलम करायची वेळ आली, तुझ्या बाबांचा डॉगरिज खुंटसुद्धा अमेरिकेचाच, विचार त्यांना. आणि तिसरं, आर्वीन उशिरा पिकणारं, नखरेल वाण, तिकडेही ते चांगल्या उन्हाच्या तुकड्यावरच लावतात. नाशिकला तिला ना थंडीची झोप मिळणार ना फोनचं वारं, फार तर मांडवावर पानं बघायला मिळतील.

त्यापेक्षा बाटली आण. स्विस लोक स्वतःची वाईन स्वतःच पितात, बाहेर जाते जेमतेम एक-दोन टक्के, त्यामुळे इथे दुकानात शोधत बसण्यात अर्थ नाही. दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. एक आर्वीन घे, आणि बाबांना वाईनची सवय नसेल तर दुसरी वेत्रो गावची आमीन्य घे. तिच्या लेबलवर मधमाश्या छापलेल्या असतात, एक म्हणजे जवळपास कोरडी, दोन म्हणजे थोडी गोड, तीन म्हणजे चांगली गोड. तीन माशांवाली घे. कपड्यांत नीट गुंडाळ, स्वेटरच्या मध्ये, मोज्यात घालून नको, माझी एक तशीच फुटली होती.